नकारावर तुमची सही असू द्या

प्रति,
उद्योग, कारखाने, दुकानं आणि कंपन्या चालवणारे मालक व प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मनुष्यबळ विभागाला न लिहिता मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा अर्ज नेमका कुठे अडतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तो अडतो एका सज्जन, कामसू आणि धास्तावलेल्या माणसाच्या टेबलावर. त्याच्या मनात कुणाबद्दल आकस नसतो. त्याला फक्त एक हिशेब पक्का ठाऊक असतो. अशा उमेदवाराला घेतलं आणि तो उत्तम निघाला, तर घेणाऱ्याची पाठ थोपटायला कुणी येत नाही. घेतलं आणि वर्षभरानं काही विपरीत घडलं, तर वरून पहिला प्रश्न येतो : याला घेतलं कुणी? आणि नाकारलं तर काहीच होत नाही. ‘पार्श्वभूमी तपासणीत अपात्र’ असा शेरा पडतो, फाइल बंद होते. तो माणूस पुढे कुठे गेला, त्याच्या घरी चूल पेटली का, तो पुन्हा जुन्या संगतीत ओढला गेला का, याची नोंद कंपनीच्या कुठल्याच वहीत होत नाही.

हा हिशेब बदलण्याची ताकद त्या टेबलावरच्या माणसात नाही. त्याच्या साहेबातही नाही. ‘याला घेतलं कुणी?’ असं ज्याला विचारणारं वर कुणी उरत नाही, त्याच्याच हातात ती आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

गेल्या दोन दशकांत हा हिशेब स्वतःच्या अंगावर घेऊन ज्यांनी उलटा करून दाखवला, त्यांच्यात ब्रिटनमधल्या जेम्स टिम्पसन यांचं नाव मी सगळ्यांत आधी घेईन. १८६५ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या पादत्राणांच्या धंद्याचे ते वारस. आज टिम्पसन समूहाची दोन हजारांहून अधिक दुकानं आहेत : बूटदुरुस्ती, किल्ल्या बनवणं, घड्याळं, फोटो, ड्राय क्लीनिंग. २००२ पासून २०२४ पर्यंत जेम्स टिम्पसन या समूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. सूत्रं हाती आली त्याच वर्षी ते वॉरिंग्टनजवळच्या थॉर्न क्रॉस तुरुंगाला भेट द्यायला गेले. आत शिक्षा भोगणाऱ्या एका तरुणानं त्यांना तुरुंग फिरवून दाखवला. मुलगा चुणचुणीत होता, बोलण्यात उत्साह होता. सुटलास की माझ्याकडे ये, काम देतो, असं टिम्पसन त्याला सांगून आले. तो आला, आणि पुढे कंपनीच्या चांगल्यातल्या चांगल्या दुकान-व्यवस्थापकांमध्ये त्याची गणना झाली.

इथेच सगळं थांबलं असतं, तर एका मोठ्या मनाच्या मालकाची हकिगत म्हणून ती चार ठिकाणी सांगितली गेली असती. पण टिम्पसन यांनी त्यातून भरतीची पद्धत बांधली. लिव्हरपूलसह काही तुरुंगांच्या आतच कंपनीनं प्रशिक्षणाच्या कार्यशाळा उभ्या केल्या. दुकानात असतात तीच यंत्रं तिथे, तेच काम. शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात खुल्या तुरुंगात आलेल्या कैद्यांना तात्पुरत्या परवान्यावर दिवसा बाहेर जाऊन नोकरी करण्याची सोय ब्रिटनच्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करून माणसं दिवसा टिम्पसनच्या दुकानात काम करत आणि संध्याकाळी तुरुंगात परतत. सुटकेच्या दिवशी त्यांच्या हातात अनुभव असे, आणि पुढच्या सोमवारी जायला जागा असे. आज या समूहातल्या साधारण दर दहा कर्मचाऱ्यांमागे एक जण तुरुंगवास भोगून आलेला आहे.

या धंद्याचं स्वरूप नीट डोळ्यांसमोर आणा. ही दुकानं लहान, बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसांच्या जिवावर चाललेली. गल्ल्यात रोकड. डोक्यावर दिवसभर देखरेख करणारा साहेब नाही. आणि काम काय, तर लोकांच्या घरांच्या किल्ल्या बनवायच्या. शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हाती काय देऊ नये अशी यादी करायला बसलात, तर घराची किल्ली आणि गल्ला त्यात सगळ्यांत वर येतील. टिम्पसननं नेमकं तेच दिलं. तेही सगळ्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या भरवशाचा भाग म्हणून. जेम्स यांचे वडील जॉन टिम्पसन यांनी घालून दिलेली या कंपनीची रीत अशी, की दुकानातल्या माणसाला नियम दोनच : पैसे गल्ल्यात टाका आणि नीटनेटके राहा. बाकी भाव किती लावायचा, ग्राहकाची तक्रार कशी मिटवायची, हे त्यानं ठरवायचं. तक्रार मिटवण्यासाठी वर न विचारता ५०० पौंडांपर्यंत खर्च करण्याची त्याला मुभा.

माझ्या मते कळीचा मुद्दा इथे आहे. शिक्षा भोगून आलेल्यांसाठी कंपनीत वेगळा, दयेचा कोपरा केलेला नव्हता. सगळ्यांवर जेवढा विश्वास, तेवढाच त्यांच्यावर. आणि निवडही सगळ्यांसारखीच. टिम्पसनमध्ये मुलाखतीला आधी स्वभाव पाहतात : हसतमुख आहे का, कष्टाळू आहे का, वक्तशीर आहे का. त्यासाठी मुलाखतीच्या कागदावर वेगवेगळ्या स्वभावांची व्यंगचित्रं असत, आणि समोरचा माणूस कुणासारखा वाटतो त्यावर खूण करायची असे. किल्ली बनवायला शिकवता येतं, स्वभाव शिकवता येत नाही, हा त्यामागचा विचार. तुरुंगातूनही ते याच कसोटीवर माणसं निवडत आणि बऱ्याच जणांना नकार देत. दार सताड उघडं नव्हतं. नकार होता, पण तो माणसाला भेटून, त्याच्याशी बोलून दिलेला होता.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, तो घरचा धंदा. त्यांना भागधारकांना तोंड द्यावं लागत नाही. हे खरं आहे, आणि टिम्पसन यांना मिळालेलं स्वातंत्र्य प्रत्येकाला मिळत नाही. पण अमेरिकेत २०२१ मध्ये गुन्ह्याची नोंद असलेल्यांना नोकरी मिळावी म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘सेकंड चान्स बिझनेस कोअॅलिशन’ स्थापन केली, तेव्हा तिच्या सहअध्यक्षपदी जेपी मॉर्गन चेस या बँकेचे प्रमुख जेमी डायमन होते. शेअर बाजारात नोंदलेली बँक, तीही जगातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक. पैशांशी रोजचा संबंध आणि नियामकांची करडी नजर, दोन्ही असूनही तिच्या प्रमुखानं आपलं नाव या कामाला जोडलं.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. मी निव्वळ भावनेवर बोलते आहे असं वाटायला नको.

डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या वयाचे, सारख्या शिक्षणाचे तरुण त्यांनी खऱ्याखुऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले. फरक एकच : काहींनी अर्जात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाल्याचं लिहायचं, काहींनी नाही. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं. नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना, म्हणजे बरोबर निम्म्यांना. नोंद नसलेल्या काळ्या तरुणांपैकी १४ टक्क्यांना आणि नोंद असलेल्या काळ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. आयुष्यात कधी तुरुंग न पाहिलेल्या काळ्या तरुणापेक्षा तुरुंगातून आलेल्या गोऱ्या तरुणाला जास्त संधी होती. घेणारे लोक नोंद वाचत होतेच, त्याबरोबर मनातल्या मनात आणखी बरंच काही वाचत होते.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत एक चळवळ उभी राहिली : अर्जातला ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?’ हा चौकोनच काढून टाका. बऱ्याच राज्यांनी आणि शहरांनी तसे कायदे केले. हवाईनं तर १९९८ मध्येच केला होता. हेतू चांगला. पण अमांडा एगन आणि सोन्या स्टार या दोघींनी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहरात सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. चौकोन काढण्याआधी ज्या कंपन्या हा प्रश्न विचारत होत्या, त्यांच्याकडे गोऱ्या अर्जदारांना काळ्या अर्जदारांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत. चौकोन काढल्यावर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. माहिती मिळेना, म्हणून खालच्या टेबलांवर अंदाज सुरू झाले, आणि अंदाज नावावरून, वर्णावरून बांधले गेले.

यातून काहींनी निष्कर्ष काढला की चौकोन परत आणावा. मला तसं वाटत नाही. मला यात तीच जुनी गोष्ट दिसते. कायद्यानं प्रश्न पुढे ढकलला, पण नाकारणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नेमलं नाही. त्याचा हिशेब जसाच्या तसा राहिला. नियम बदलला आणि भीती तिथेच राहिली, तर भीती दुसरी वाट शोधते.

आणि ज्यांना घेतलं, त्यांचं पुढे काय होतं? २०१८ मध्ये जेनिफर लुंडक्विस्ट, डेव्हा पेजर आणि एइको स्ट्रेडर यांनी अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. गंभीर गुन्ह्याची नोंद असलेल्याला सैन्यात सरसकट घेत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळी सवलत मागावी लागते, आणि त्याचं संपूर्ण प्रकरण पाहून ती द्यायची की नाही हे ठरतं. अशी सवलत मिळवून आलेले सैनिक खराब कामगिरीमुळे बाहेर पडण्यात इतरांपेक्षा वेगळे नव्हते. उलट त्यांना बढत्या लवकर मिळाल्या आणि ते वरच्या हुद्द्यांवर पोचले. हे गुन्हेगारी नोंदीचं कौतुक समजू नका. इथे कुणीतरी अधिकारी पदावरच्या माणसानं एकेकाचा विचार केला होता आणि निर्णयाची जबाबदारी घेतली होती.

त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास, मुख्यतः कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांचा. गुन्ह्याची नोंद असलेले कर्मचारी इतरांपेक्षा जास्त काळ टिकतात आणि आपणहून नोकरी सोडण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी असतं, असं त्यात दिसलं. माणसं टिकत नाहीत म्हणून दर महिन्याला नव्यानं भरती करणाऱ्या कुणालाही याची किंमत कळेल. पण याच अभ्यासानं असंही सांगितलं, की विक्रीच्या जागांवर अशा कर्मचाऱ्यांकडून गैरवर्तनाचं प्रमाण थोडं जास्त होतं. हे मी लपवत नाही, कारण लपवून मिळवलेली नोकरी पहिल्या धक्क्याला जाते. जागेप्रमाणे जोखीम बदलते, एवढा बोध त्यातून घ्यायचा. पैशांच्या अफरातफरीत शिक्षा झालेल्याला पहिल्याच दिवशी हिशेबाच्या चाव्या देऊ नका. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्याला ट्रक देऊ नका. मुलांवर अत्याचार केलेल्या माणसाला मुलांच्या आसपासचं काम कधीच देऊ नका. पण वीस वर्षांचा असताना मारामारीत आत गेलेला आणि आता तिशी ओलांडलेला माणूस गोदामात माल मोजायला का चालत नाही, याचं उत्तर ‘धोरण आहे’ यापलीकडे कुणाकडे नसतं.

काळाचा मुद्दाही महत्त्वाचा. अल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की अटकेनंतर काही वर्षं स्वच्छ राहिलेल्या माणसाचा पुन्हा अटक होण्याचा धोका त्याच वयाच्या सर्वसामान्य माणसाइतका खाली येतो. अठराव्या वर्षी घरफोडीत पहिल्यांदा पकडलेल्या तरुणासाठी हा काळ साधारण चार वर्षांचा, जबरी चोरीसाठी साधारण आठ वर्षांचा. ब्रिटनचा १९७४ चा पुनर्वसन कायदा याच तत्त्वावर उभा आहे : ठरावीक काळ गेला की बहुतेक नोकऱ्यांसाठी जुनी शिक्षा सांगण्याची गरज राहत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून हा काळ आणखी कमी झाला. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला ती संपल्यावर एक वर्ष, चार वर्षांपर्यंतच्या शिक्षेला चार, त्याहून मोठ्या शिक्षेला सात. गंभीर लैंगिक, हिंसक आणि दहशतवादी गुन्हे यातून वगळले आहेत. कायदा विसरायला तयार आहे. कंपन्यांचे तपासणी-अर्ज मात्र ‘आजवर कधीही’ असंच विचारत राहतात.

तुमच्या मनात आणखी एक प्रश्न असेल, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. ज्याचं नुकसान झालं, त्याचं काय? ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याच्या मुलावर हल्ला झाला, त्यानं हे सगळं ऐकून काय समजायचं? मी त्याला ‘माफ कर’ म्हणणार नाही. माझा तो अधिकार नाही, तुमचाही नाही. शिक्षा किती द्यायची हे न्यायालयानं ठरवलं आणि ती भोगून झाली. नोकरी नाकारून आपण त्या शिक्षेत भर घालतो तेव्हा पीडिताला काही परत मिळत नाही. नोकरी दिल्यानं मात्र मिळू शकतं. तात्पुरत्या परवान्यावर बाहेर काम करणाऱ्या कैद्याच्या आठवड्याच्या निव्वळ कमाईतून २० पौंडांच्या वरच्या रकमेच्या ४० टक्क्यांपर्यंत कपात करण्याची तरतूद ब्रिटनच्या १९९६ च्या कैदी-कमाई कायद्यात आहे, आणि तो पैसा पीडितांना मदत करणाऱ्या कामाकडे जातो. शिवाय पुढचा पीडित तयार होऊ नये, ही गोष्ट उरतेच. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयानं २०१३ मध्ये तुलना करून पाहिलं. एक वर्षाहून कमी शिक्षा भोगून सुटलेल्यांत, ज्यांना नोकरी लागली त्यांचं वर्षभरात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण, तशाच पण नोकरी न मिळालेल्यांपेक्षा ९.४ टक्के गुणांनी कमी होतं. नोकरीनं सगळं सुटतं असा दावा कुणीच करत नाही. पण जी गोष्ट तुमच्या हातात आहे, तिचा परिणाम मोजता येण्याइतका आहे.

टिम्पसन यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. २०१६ पासून ते तुरुंगसुधारणेसाठी काम करणाऱ्या ‘प्रिझन रिफॉर्म ट्रस्ट’ या संस्थेचे अध्यक्ष होते. तुरुंगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनीच तिथे असायला हवं, उरलेल्यांसाठी दुसरे मार्ग शोधायला हवेत, असं त्यांनी उघडपणे म्हटलं होतं, आणि त्यावरून वादही झाला. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनच्या नव्या सरकारनं त्यांना उमरावांच्या सभागृहात नेमून तुरुंगखात्याचं राज्यमंत्रिपद दिलं. ते आले तेव्हा इंग्लंड आणि वेल्समधले तुरुंग काठोकाठ भरले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कैद्यांची संख्या ८८ हजारांच्या वर गेली, आणि जागा करण्यासाठी काही प्रकारच्या कैद्यांना अर्ध्याऐवजी ४० टक्के शिक्षा झाल्यावर सोडायला सुरुवात झाली. आयुष्यभर जे कारखानदाराच्या बाजूनं सांगत आले, तेच आता सरकारी खुर्चीत बसले. पण मंत्र्याला तुरुंगाचं दार लवकर उघडता येतं, बाहेर नोकरी निर्माण करता येत नाही. ती नोकरी कुठल्यातरी मालकाच्याच कारखान्यात असते.

हे करायचं ठरवलंत, तर काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. सुटलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे फार अवघड असतात. ब्रिटनमध्ये सुटकेच्या वेळी हातात ठेवायची रक्कम कित्येक वर्षं ४६ पौंडांवर अडकली होती, ती २०२१ मध्ये ७६ झाली. शुक्रवारी सोडलं तर दोन दिवस सगळी कार्यालयं बंद, मग निवारा कुणाकडे मागायचा? या एका साध्या अडचणीसाठी तिथे २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कुठे अशा सुटका शुक्रवारच्या आधी करता येऊ लागल्या. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाकडे बँक खातं नसेल. ओळखपत्राची मुदत संपलेली असेल. अर्जात पत्ता काय लिहायचा हेच त्याला कळत नसेल. पहिला पगार महिन्यानं देणार असाल, तर तो महिना त्यानं कशावर काढायचा? उचल द्या, किंवा पहिले दोन महिने आठवड्याला पगार द्या. त्याला पोलिसांकडे किंवा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडे हजेरी लावावी लागते, त्यासाठीची रजा गैरहजेरीत मोजू नका. हे सगळं मोठ्या खर्चाचं नाही, फक्त कुणीतरी आधी विचार करून ठेवावा लागतो.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. त्याच कामाला इतरांना जे मिळतं, तेच त्याला. ‘आम्हीच घेतो याला, मग कमी दिलं तरी चालेल’ असा विचार मनात येणार असेल, तर कृपा करून ही योजना हाती घेऊ नका. नाइलाजानं वाकलेल्या माणसाकडून स्वस्तात काम काढून घेण्याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

आणि त्याचं प्रदर्शन मांडू नका. वार्षिक अहवालात त्याचा फोटो, कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून त्याची कहाणी, असं केलंत की तो कायमचा ‘तुरुंगातून आलेला’ राहतो. त्याची पार्श्वभूमी कुणाला सांगायची हे त्याला ठरवू द्या. त्याच्या थेट वरिष्ठाला माहीत असणं गरजेचं आहे. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला माहीत असायलाच हवं असं नाही.

काही जण चुकतील. कुणी पहिल्या महिन्यात गायब होईल. कुणी चोरी करेल. तेव्हा काय करायचं हे आजच ठरवा, कारण त्या दिवशी सगळे तुमच्या तोंडाकडे पाहत असतील. कॉलेजातून थेट आलेल्या मुलानं पैसे खाल्ले, तर आपण त्या मुलावर कारवाई करतो, त्या कॉलेजातली भरती कायमची बंद करत नाही. इथेही तेवढंच करा : जो चुकला त्याच्यावर कारवाई, बाकीच्यांची भरती चालू. पहिल्या अपयशानंतर जिथे योजना गुंडाळली गेली, तिथे बहुतेक वेळा ती योजना वरच्या माणसाची नव्हतीच. कुणा उत्साही अधिकाऱ्यानं ती स्वतःच्या जिवावर सुरू केलेली असते, आणि अपयश आलं की तो एकटा पडतो.

न्यू यॉर्कजवळ यॉन्कर्समध्ये ग्रेस्टन नावाची बेकरी आहे. १९८२ मध्ये बर्नी ग्लासमन या झेन गुरूंनी ती सुरू केली. एका नामांकित आइस्क्रीम कंपनीसाठी तिथे ब्राउनी बनतात. तिची पद्धत टिम्पसनच्या अगदी उलट : मुलाखत नाही, पार्श्वभूमी तपासणी नाही, भूतकाळाबद्दल एकही प्रश्न नाही. यादीत नाव लिहायचं, जागा रिकामी झाली की क्रमानं बोलावणं येतं, मग कामावर टिकायचं की नाही हे कामच ठरवतं. टिम्पसन एकेका माणसाला पारखून घेतात, ग्रेस्टन कुणालाच पारखत नाही. दोन्ही पद्धती चालल्या, कारण दोन्ही ठिकाणी ‘याला घेतलं कुणी?’ या प्रश्नाचं उत्तर एकच होतं : मालकानं. खालच्या माणसाला घाबरायचं कारणच उरलं नाही.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. आज तुमच्याकडे अशा माणसाला घ्यायचं असेल तर चार सह्या लागतात, आणि नाकारायला एकही लागत नाही. हे उलटं करा. तुमच्या नावानं एक पानाचा आदेश काढा. शिक्षेबद्दलचा प्रश्न अर्जात नको, निवड झाल्यावर, कामाचा देकार देण्याआधी विचारा. त्या उत्तरामुळे उमेदवाराला नाकारायचं असेल, तर गुन्हा कोणता, त्याला किती वर्षं झाली, आणि या जागेच्या कामाशी त्याचा संबंध काय, हे तीन मुद्दे लिहून फाइल तुमच्याकडे यावी. नकारावर तुमची सही. स्वीकारावर विभागप्रमुखाची पुरे. आणि या आदेशाप्रमाणे घेतलेल्या माणसाबाबत पुढे काही घडलं, तर त्याची जबाबदारी माझी आहे, असं त्यात तुमच्या शब्दांत लिहा. हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे, ते वगळू नका.

सुरुवातीला फाइली थोड्याच येतील. त्यातल्या काहींवर तुम्ही ‘नाही’ असंच लिहाल, आणि ते योग्यही असेल. पण सही करण्याआधी त्या माणसाला एकदा बोलावून घ्या. सोबत विभागप्रमुखाला बसवा, तासभर बोला, काय काम येतं ते करून दाखवायला सांगा. जवळच्या तुरुंगात कोणते व्यवसाय शिकवतात, तिथून कोण कधी सुटणार आहे, याची चौकशी तुमच्या कार्यालयातून एका पत्रानं करता येते. ते पत्र या महिन्यातच जाऊ द्या.

कळावे,

आपली नम्र,
भरती विभागातली एक कर्मचारी